गोधडीचं पोट

केडगावच्या छबूबाई परदेशातून येताना चिंधी घेऊन येतात. बाकीचे लोक चॉकलेट आणतात, फ्रीजला चिकटवायचे लोहचुंबक आणतात. छबूबाईंच्या बॅगेतून निघते ती कुणाच्या तरी अंगावर झिजलेली, शेकडो वेळा धुतलेली, उन्हानं विटलेली चिंधी. दुकानातलं कोरं कापड त्यांना चालत नाही. कोरं कापड अजून कुणाचंच झालेलं नसतं, त्याला गोधडीत घेऊन करायचं काय, असं त्या म्हणतात.

वय त्रेसष्ट. उंची बेताची. जाड काचांचा चष्मा दोऱ्यानं गळ्यात अडकवलेला. पुणे रोडच्या आतल्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर आहे आणि पुढच्या खोलीत शिलाई मशीन. गल्लीतल्या तीन पिढ्यांची ब्लाउजं त्यांनी शिवली. कोण सुटलं आणि कोण खंगलं, हे डॉक्टरच्या आधी छबूबाईंच्या टेपाला कळायचं. टेप बोलत नाही, छबूबाईही बोलल्या नाहीत. म्हणून गिऱ्हाईक टिकलं.

ब्लाउज हा धंदा. गोधडी मात्र दुपारची. जेवणं झाली की मशीन झाकायचं, फरशीवर चिंध्या मांडायच्या आणि गुडघा दुमडून बसायचं. बाहेरच्या काठापासून आत, गोल गोल, बोटभर अंतरानं धावदोरा घालत जायचं. ही विद्या त्यांनी आईकडून घेतली.

आई म्हणजे रंगुबाई. पारनेर तालुक्यात, पावसाच्या भरवशावर बाजरी पिकवणाऱ्या एका गावात त्यांचं घर होतं. तिथं गोधडीला वाकळ म्हणत. गावातल्या बाया जुनी लुगडी आणून टाकत आणि रंगुबाई वाकळ शिवून देत. शिवायला घेताना त्या कापडाबरोबर आणखी एक गोष्ट मागत. त्या घरच्या भाकरीचा तुकडा. नखाएवढा पुरे. तो उन्हात कडकडीत वाळवायचा, कीड लागू नये म्हणून कडुलिंबाचं एक पान त्याला गुंडाळायचं आणि वाकळीच्या एका कोपऱ्यात दोन थरांच्या मध्ये ठेवून कोपरा शिवून टाकायचा. त्याला पोट भरणं म्हणत.

लहान छबूनं एकदा विचारलं होतं की आपल्याच घरची भाकरी का नाही घालायची. रंगुबाईंनी सुईवरून नजर न काढता सांगितलं, "ज्याची वाकळ, त्याची भाकर. उपाशी वाकळ मानसाची ऊब खाती. अन् दुसऱ्याच्या भाकरीवर वाढलेली वाकळ त्या घरात रमत न्हाई."

कोपरा शिवताना रंगुबाई नावं घेत. ज्याचं ज्याचं कापड त्या वाकळीत गेलं, त्याचं नाव आणि एक टाका. नावं संपली की दोरा तोडायचा. छबूबाई तसंच करतात. त्यांच्या तोंडून इतकी नावं एका दमात फक्त तेव्हाच ऐकू येतात.

लग्न झालं ते भिमाजींशी. भिमाजी एसटीत ड्रायव्हर. एकोणतीस वर्षं त्यांनी अर्धा महाराष्ट्र फिरवला, बायकोला सोडून. सुट्टी मिळाली की त्यांना घरात बसायचं असे. निवृत्त झाल्यावर छबूबाईंनी एक दिवस शांतपणे सांगितलं की आता मला फिरायचंय, आणि लांब फिरायचंय. शिलाईतून साठवलेलं होतं. भिमाजींनी विमानाचं नाव ऐकलं आणि हात जोडले.

"ज्या गाडीचं स्टेरिंग दिसत न्हाई, तिच्यात मी बसनार न्हाई. तू जा. मी कुकर लावीन."

कुकर लावायला ते खरंच शिकले. छबूबाई ही गोष्ट सांगताना आजही आधी नवऱ्याचे आभार मानतात, मग विमानाचे.

पहिला देश श्रीलंका. नगरच्या कल्याण नावाच्या टूरवाल्यानं नेलेली तीस माणसं. तिथं हॉटेलात चादरी बदलायला येणाऱ्या बाईकडे त्यांनी खुणेनं फाटकं काहीतरी मागितलं. त्या बाईला वाटलं, हिला अंगावर घालायला काही नाही. तिनं दुसऱ्या दिवशी घरून धुतलेलं, घडी घातलेलं जुनं लुंगीवजा फडकं आणलं आणि वर दोन केळी. छबूबाईंनी केळी खाल्ली आणि फडकं कपाळाला लावलं. त्याची गोधडी समुद्रासारखी झाली. हिरव्यात निळा, निळ्यात हिरवा, आणि एका कडेला दोन पिवळे तुकडे. ती केळी.

दुसरा देश व्हिएतनाम. तिथल्या एका बाजारात दोन तास मोकळे दिले होते. रस्त्याच्या कडेला लाल प्लास्टिकच्या स्टुलावर एक बाई बसली होती, मांडीवर निळीत बुडवून काळपट झालेलं कापड, त्यावर बारीक भरतकाम. छबूबाई बघत उभ्या राहिल्या. बाईनं दुसरं स्टूल पुढे सरकवलं. मग काय झालं ते छबूबाईंना नीट सांगता येत नाही. भाषा नव्हती. तिनं हिच्या हातात सुई दिली, हिनं दहा टाके घातले, तिनं मान हलवून त्यातले चार उसवले आणि परत घालायला लावले. इतकी वर्षं कुणी त्यांचे टाके उसवले नव्हते. त्यांना फार बरं वाटलं. बस चाळीस मिनिटं खोळंबली. कल्याण गल्ल्या शोधत आला तेव्हा दोघी एकाच कापडाची दोन टोकं धरून बसल्या होत्या. बसमध्ये पाय ठेवताच आबासाहेब नावाचे निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, आम्ही तुम्हाला इथं देऊन टाकलं होतं. आता परत कशाला आलात?" सगळी बस हसली. छबूबाईंच्या हातात त्या बाईचं कमरेचं जुनं फडकं होतं. बदल्यात त्यांनी स्वतःच्या हातानं काठ दुमडलेला रुमाल दिला होता. ती गोधडी जवळजवळ काळी आहे आणि बरोबर मध्ये दोन लाल चौकोन आहेत, शेजारी शेजारी.

गल्लीतली दिशा त्या गोधडीसमोर बराच वेळ उभी राहिली होती. दिशानं मराठीत एम. ए. केलंय. तिला बोलायला शब्द लागतात आणि त्या दिवशी सापडले नाहीत. त्या दिवसापासून ती रोज दुपारी येऊन बसू लागली आणि छबूबाईंच्या मोबाईलची, तिकिटांची, फॉर्मची कामं आपसूक तिच्याकडे गेली.

तिसरा देश न्यूझीलंड. हा टूरचा नव्हता. इथं लेक होती.

दिपाली आणि जावई हर्षल सहा वर्षांपूर्वी ऑकलंडला गेले. मुलगी झाली तेव्हा छबूबाईंचा व्हिसा वेळेत आला नाही. बाळंतपण लेकीनं एकटीनं निभावलं. हे छबूबाईंच्या मनात काट्यासारखं होतं. लेक काही बोलली नव्हती, त्यामुळे काटा जास्तच टोचत होता. व्हिसा आला तेव्हा नात दोन महिन्यांची झाली होती. तिकीट महिन्याभरानंतरचं मिळालं. तेवढ्यात गोधडी व्हायला हवी होती.

त्यांनी ट्रंक उघडली. तळाशी रंगुबाईंचं लुगडं होतं. हिरवं इरकल, तांबडे काठ. रंगुबाई जाऊन एकोणीस वर्षं झाली. त्यांची बाकीची लुगडी त्यांनी स्वतःच लोकांच्या वाकळींत घालून संपवली होती. हे एकच उरलं होतं. छबूबाईंनी ते एकोणीस वर्षांत तीनदा बाहेर काढलं होतं आणि तीनदा परत ठेवलं होतं. या वेळी कात्री लावली. मध्ये इरकल, आतल्या थरांतही इरकलच. भोवती दिपालीच्या शाळेचा निळा स्कर्ट, भिमाजींचा खाकी शर्ट, स्वतःच्या लग्नातल्या शालूचा काठ. सगळ्यात बाहेर पांढरं धोतर, सासऱ्यांचं. तीन पिढ्या हातभर रुंदीत बसल्या. आता आईचं म्हणून जगात जे काही होतं ते या गोधडीत होतं. बाहेर धागासुद्धा उरला नव्हता.

फोनवर दिपालीनं आधीच बजावलं होतं. "आई, इथं बाळाच्या अंगावर गोधडी घालू देत नाहीत. नाकावर येते म्हणतात."

"अंगाखाली अंथरलेली चालती का?"

"ती चालते."

"मग झालं. आमी बी तुला आदी गोधडीवरच ठिवलं हुतं."

कोपरा शिवायची वेळ आली तेव्हा छबूबाई थोड्या अडखळल्या. ज्याची वाकळ, त्याची भाकर. पण दिपालीच्या घरी भाकरी होत नव्हती. तिकडे पाव, पास्ता, फार तर पोळी. मग त्यांनी स्वतःच स्वतःला समजावलं की लेकीचं घर काय परकं आहे. आपल्याच तव्यावरचा तुकडा वाळवला, अंगणातल्या कडुलिंबाचं पान गुंडाळलं आणि पोट भरून टाकलं. नावं घेतली. दोरा तोडला. आणि ती गोष्ट तिथंच विसरल्या.

पुढचे दोन दिवस बॅग भरण्याचे नव्हते, रिकामी करण्याचे होते. दिपालीची यादी आली होती. तिकडे खाण्याचं काही चालत नाही, बी चालत नाही, पानफूल चालत नाही. सांगितलं नाही आणि सापडलं तर दंड, आणि नाव कायमचं यादीत. छबूबाईंनी शेंगदाण्याची चटणी काढली. कुरडया काढल्या. बाळंतिणीसाठी केलेले डिंकाचे लाडू काढले, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. ते लाडू भिमाजींनी खायला घेतले.

"बाळातपन कुनाचं अन् लाडू कुनाला," छबूबाई म्हणाल्या.

"लेकीच्या वतीनं खातोय," भिमाजी म्हणाले. "मला बी कुठं गोड लागतंय."

निघायच्या आदल्या दुपारी दिशानं मोबाईलवर तिकडचा फॉर्म भरला. एकेक प्रश्न मराठीत करून विचारला. खायचं काही? नाही. बी-बियाणं? नाही. झाडपाल्यातलं काही? छबूबाईंनी बॅगेकडे बघितलं, आठवून बघितलं आणि छातीवर हात ठेवून सांगितलं, काही नाही. दिशानं नाही, नाही, नाही लिहिलं. दोघींपैकी कुणीही खोटं बोललं नव्हतं. भाकरीचा तो तुकडा छबूबाईंच्या लेखी खाणं नव्हतंच. ते गोधडीचं पोट होतं. माणूस स्वतःच्या पोटात काय आहे हे फॉर्मवर लिहीत नाही.

भाषेची अडचण नको म्हणून दिपालीनं विमानतळावर चाकाची खुर्ची सांगून ठेवली होती. खुर्ची आली की माणूस बरोबर येतं, इकडून तिकडे नेऊन सोडतं. छबूबाईंना धडधाकट पायांनी त्यात बसायची लाज वाटली. सिंगापूरला विमान बदलताना त्यांनी गोधडीची पिशवी खुर्चीत ठेवली आणि स्वतः शेजारून चालू लागल्या. ऑकलंडलाही तसंच. खुर्ची ढकलणारी बाई हसली आणि तिनं पिशवीला पट्टा लावला. असं रंगुबाईंचं इरकल खुर्चीत बसून परदेशात उतरलं.

बॅग मिळाली. पुढे रांग होती आणि रांगेतून एक छोटा कुत्रा फिरत होता, पाठीवर हिरवं जाकीट. तो छबूबाईंच्या खुर्चीपाशी आला, पिशवी हुंगली आणि पुढे गेला. त्यांच्या पुढच्या माणसापाशी मात्र जाऊन बसला. त्या माणसानं हात वर केले, खिसे दाखवले. मग बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यातून एक सफरचंद निघालं. विमानात मिळालेलं. तो माणूस खरंच विसरला होता. त्याच्या चेहऱ्यावर तसं स्पष्ट लिहिलेलं होतं.

छबूबाई त्या सफरचंदाकडे बघत राहिल्या. माणूस काय काय विसरतं, असं त्यांच्या मनात आलं. आणि त्याच क्षणी त्यांचा हात आपोआप पिशवीत गेला आणि कोपऱ्यावर पडला. कोपरा कडक होता.

भाकर. आणि वर लिंबाचं पान.

पुढे दहा पावलांवर काचेचं दार होतं. ते उघडलं की पलीकडची माणसं दिसत. एकदा उघडलं तेव्हा त्यांना दिपाली दिसली, छातीशी बांधलेल्या झोळीत बाळ. दार मिटलं. कुत्रा हुंगून गेला होता. फॉर्म भरला होता. गप्प राहिलं तर दहा पावलं. बोललं तर गोधडी अधिकाऱ्यांच्या हातात जाणार. इथं शंका आलेली वस्तू जाळतात, असं दिपालीच म्हणाली होती. जाळली तर आईचं जगात काही उरत नव्हतं.

छबूबाईंनी पुढे कधी तरी हा प्रसंग सांगताना कबूल केलं की त्या दोन पावलं चालल्या. गप्प राहायचं ठरवूनच चालल्या. तिसऱ्या पावलाला त्यांच्या मनात आलं की ही गोधडी नातीच्या अंगाखाली जाणार आहे. पोटात भाकरीच्या जोडीला खोटंही घालून ती अंथरायची का? आणि ते खोटं दिशाच्या हातानं लिहिलेलं आहे.

टेबलापाशी उभ्या असलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यानं नेहमीचा प्रश्न विचारला. छबूबाईंना त्यातला एकच शब्द कळला, फूड. त्यांनी पिशवीतून गोधडी काढली, टेबलावर ठेवली आणि कोपऱ्यावर बोट टेकवलं.

"भाकर," त्या म्हणाल्या. "आत."

त्याला काही कळलं नाही. त्यानं आतून कुणाला तरी बोलावलं. साडेपाच फूट उंचीची, पन्नाशीची, केसांचा घट्ट अंबाडा घातलेली एक सावळी बाई आली. गणवेश तोच. हिंदी मात्र वेगळीच, कानाला गोड आणि थोडी वाकडी.

"का बात है, माई? ई में का है?"

छबूबाईंची हिंदी नगरची. "इसके पेट में भाकर है. रोटी. हमारे में गोधडी का पेट खाली नहीं रखते. मैं भूल गयी थी. बच्ची ने फॉर्म में नहीं लिखा, मैंने ही नहीं बोली थी. उसकी गलती नहीं है."

बाईनं एकदा गोधडीकडे बघितलं, एकदा छबूबाईंकडे. "खाली रोटी?"

"उसको नीम का पत्ता भी लपेटा है. कीड़ा नहीं लगना करके."

त्या बाईनं कपाळावर हात मारला. "रोटी से जादा पत्ता खराब है, माई."

तिनं समजावून सांगितलं. सांगितलंत हे बरं झालं, त्यामुळे दंड नाही, फक्त लेखी ताकीद. पण कोपरा उघडावा लागेल. आत जिवंत कीड निघाली तर पूर्ण गोधडी ठेवून घ्यावी लागेल, मग परत मिळेल असं सांगता येत नाही. कीड नसली तर तुकडा आणि पान इथंच नष्ट होणार आणि गोधडी तुमची. तिनं कात्री उचलली.

छबूबाईंनी तिचं मनगट धरलं. सरकारी माणसाचं मनगट त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा धरलं.

"काटो मत. दोरा मेरा है. मैं खोलती."

त्या बाईनं कात्री खाली ठेवली आणि ड्रॉवरमधून बारीक टोकाचा चिमटा काढून दिला. छबूबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. टेबलाशी उभ्या राहूनच त्यांनी आपला शेवटचा टाका शोधला, उचलला, ओढला. दुसरा. तिसरा. दोरा न तोडता उसवत गेल्या आणि उसवलेला दोरा डाव्या हाताच्या बोटावर गुंडाळत गेल्या. प्रत्येक टाक्याला एक नाव होतं. ती नावं आता उलट्या क्रमानं परत येत होती. शेवटचं घेतलेलं नाव पहिलं सुटलं. पहिलं घेतलेलं रंगुबाईंचं होतं, ते सगळ्यात शेवटी सुटलं. मागची रांग थांबली होती.

बघता बघता त्या बाईनं सहज सांगितलं की तिचे पणजोबा हिंदुस्थानातून बोटीनं फिजीला गेले होते, ऊस तोडायला. परत गेलेच नाहीत. ती तिथलीच. छबूबाईंचा हात क्षणभर थांबला. त्यांच्या सासरकडचे निम्मे भाऊबंद दर दिवाळीनंतर पाथर्डीकडून कारखान्यावर उसाला जातात. कोयता, पाचटाची कोपी, बैलगाडी हे सगळं त्यांना माहीत होतं. समुद्रापलीकडेही ऊसतोड होती आणि तिकडून माणसं परतली नाहीत, हे माहीत नव्हतं.

"म्हणजे आपलीच," त्या मराठीतच पुटपुटल्या.

तुकडा निघाला. दगडासारखा. पान चुरगळून राखेसारखं झालेलं. त्या बाईनं ते पांढऱ्या ताटलीत घेतलं, दिव्याखाली धरलं, भिंग लावलं. कोपऱ्याच्या आतला भाग उलगडून तिथंही भिंग फिरवलं. इरकलच्या तांबड्या काठावरून भिंग सरकत गेलं तेव्हा छबूबाईंनी डोळे मिटले. त्यांनी देवाचं नाव घेतलं नाही. आईला म्हणाल्या, तू सांगितलेलं पान घातलंय, आता तूच बघ.

"कुछ नहीं है," बाई म्हणाली. "साफ है."

तुकडा आणि पान एका पिशवीत गेलं, पिशवी एका डब्यात. कागद आला, छबूबाईंनी मराठीत सही केली. त्या बाईनं गोधडीची घडी स्वतः घालून दिली. घालताना तिचा हात उघड्या कोपऱ्यावर थांबला.

"अब तो पेट खाली हुइ गवा, माई."

छबूबाईंनी त्या बाईच्या दोन्ही गालांवरून हात फिरवून बोटं स्वतःच्या कानशिलावर मोडली. ती बाई खुदकन हसली. म्हणजे तिला ते कळत होतं. चार पिढ्यांपूर्वी बोटीत बसलेलं कुणीतरी ते बरोबर घेऊन गेलं होतं. मग काचेचं दार उघडलं.

दिपालीच्या घरी पहिले चार दिवस गोधडी कपाटावरच राहिली. बाळ हातात होतं, बाळाचं सगळं छबूबाई करत होत्या, तेल, आंघोळ, शेक. पण गोधडी अंथरत नव्हत्या. कोपरा उघडा आहे तर शिवून टाक ना, असं दिपाली रोज म्हणे. छबूबाई बोटावरून काढून कागदाला गुंडाळलेला दोरा बघत आणि परत ठेवून देत. हर्षलनं भारतीय दुकानातून बाजरीचं पीठ आणून दिलं. त्यांनी भाकऱ्या केल्या, सगळ्यांनी चवीनं खाल्ल्या. तरी तुकडा त्यांनी काढून ठेवला नाही.

पाचव्या दिवशी सकाळी त्या ओट्यापासून बाजूला झाल्या आणि दिपालीला म्हणाल्या, "आज तू कर."

"मला कुठं येते?"

"म्हनूनच."

मग त्यांनी लेकीला रंगुबाईंचं वाक्य सांगितलं. ज्याची वाकळ, त्याची भाकर. सांगितलं की मीच चुकले होते. माझ्या घरची भाकरी तुझ्या गोधडीत घातली, तुला विचारलं नाही, तुझ्या घराला घर मानलंच नाही. त्या विमानतळावरच्या बाईनं ती काढून घेतली, हे उपकारच झाले.

दिपाली पिठाकडे बघत म्हणाली, "मला वाटायचं, तुला माझं घर आवडत नाही. म्हणून तू सगळं तिकडूनच आणतेस. लाडूसुद्धा."

छबूबाईंनी लेकीचे हात धरून परातीत ठेवले.

पहिली भाकरी थापतानाच चिरली. विजेच्या शेगडीवर जाळ नाही, ती फुगली नाही. एका बाजूनं करपली, दुसऱ्या बाजूनं पांढरी राहिली. आकार कुठल्या तरी नकाशासारखा. दुसरी बरी झाली, तिसरी चक्क गोल. दिपालीनं तिसरीचा तुकडा मोडून पुढे केला.

"पयलीचा दे," छबूबाई म्हणाल्या.

"ती करपलीय, आई."

"तुझ्या घरातली पयली तीच हाय."

तुकडा खिडकीतल्या उन्हात दोन दिवस वाळला. लिंबाचं पान या वेळी नाही. ताकीद कागदावर होती आणि छबूबाईंना शब्द पाळायचा होता. दिपालीनं पानाऐवजी एक लवंग दिली, तिच्याच डब्यातली. तिसऱ्या दिवशी दुपारी छबूबाई जमिनीवर बसल्या, तोच दोरा सुईत ओवला, पोट भरलं आणि कोपरा मिटायला घेतला. दिपाली बाळाला घेऊन समोर बसली. रंगुबाई, एक टाका. सासरे, एक टाका. भिमाजी. शाळेतली दिपाली. लग्नातल्या छबूबाई. नावं संपली, तरी त्यांनी दोरा तोडला नाही. सुई वर धरून थोडा वेळ थांबल्या. त्या अंबाड्यावाल्या बाईचं नाव विचारायचं राहूनच गेलं होतं. शेवटी त्या म्हणाल्या, "फिजीच्या ऊसतोडकऱ्याची पणती." आणि टाका घातला. तिचं एकही कापड त्यात नव्हतं. कापड न देता नाव मिळालेली ती त्यांच्या आयुष्यातली पहिली बाई.

दोरा बरोबर पुरला.

त्यांनी गोधडी अंथरली. बाळाला मध्ये, इरकलावर, पालथं ठेवलं. बाळानं मान उचलली, डुगडुगली आणि पणजीच्या तांबड्या काठावर लाळेचा एक मोठा थेंब टाकला. दिपाली पुसायला वाकली. छबूबाईंनी तिला थांबवलं.

तेवढ्यात भिमाजींचा व्हिडिओ फोन आला. तिकडे सकाळ होती, मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती. शेजारी दिशा उभी होती. छबूबाईंनी विमानतळावरची हकिगत पहिल्या दिवशीच फोनवर सांगितली होती, तेव्हा दिशाचा चेहरा उतरला होता. मी नीट विचारायला हवं होतं, असं ती तेव्हापासून म्हणत होती. छबूबाईंनी तिला पुन्हा सांगितलं की तू विचारलं होतंस, मीच नाही म्हणाले. आणि मोबाईल फिरवून गोधडी दाखवली. गोधडीवरचं बाळ दाखवलं. मिटलेला कोपरा दाखवला. दिशाला या वेळीही शब्द सापडले नाहीत.

भिमाजींनी रोजचाच प्रश्न विचारला. "जेवलात का?"

छबूबाईंनी कोपऱ्यावर तळहात ठेवला.

"जेवलो," त्या म्हणाल्या. "समदी."